मुलांना फिजिक्स खरंच कळलंय का, ते तपासायचं कसं: पहिल्यांदा शिकवणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवायला लागले त्याचं पहिलंच सत्र संपत आलं होतं. प्रोजेक्टाइलची गणितं मुलं भराभर सोडवत होती, रेंज काढा, मॅक्सिमम हाइट काढा, सगळं बरोबर. शेवटच्या आठवड्यात सहज म्हणून फळ्यावर एक नाणं काढलं, सरळ वर उडवलेलं, आणि विचारलं की अगदी वरच्या टोकाला नाण्यावर कोणकोणते फोर्स आहेत, हवेचा विरोध सोडून द्या. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की तिथे फोर्स शून्य, कारण नाणं क्षणभर थांबतं. बऱ्याच जणांनी लिहिलं की वर जाताना 'हाताचा फोर्स' नाण्यात असतो, तो कमी कमी होत वर संपतो आणि मग ग्रॅव्हिटी जिंकते. (खरं तर हात सुटल्यापासून पूर्ण वाटेवर, टोकालासुद्धा, नाण्यावर फक्त ग्रॅव्हिटीचाच फोर्स असतो.) आणि ही तीच मुलं, ज्यांनी आदल्या दिवशी सूत्रात ९.८ घालून उंची बरोबर काढली होती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सत्रभर मी जे मार्क देत होते ते सूत्र वापरता येतं का याचे होते. नंतर वाचायला लागले तेव्हा दिसलं की हा माझ्या वर्गाचा दोष नाहीच. जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांबरोबर नेमका हाच नाण्याचा प्रश्न घेऊन अभ्यास केला होता, आणि तिथेही वर जाणाऱ्या नाण्याला वरच्या दिशेचा फोर्स देणारे भरपूर निघाले. २००२ मध्ये किम आणि पाक यांनी कोरियातल्या मुलांचा अभ्यास केला, त्या मुलांनी आधीच सरासरी १५०० च्या आसपास गणितं सोडवलेली होती, कोणी ३०० तर कोणी २९००. सूत्रं आणि गणित यात त्यांना फारशी अडचण नव्हती, पण कन्सेप्टमधले नेहमीचे गोंधळ तसेच शिल्लक होते आणि किती गणितं सोडवली याचा समजेशी फारसा संबंध दिसला नाही. म्हणजे 'अजून गणितं द्या, आपोआप कळेल' हा जो आपला भरवसा असतो तो सोडून द्यावा लागतो.

मग तपासायचं कसं? हे शिकताना माझी दोन वर्षं चाचपडण्यात गेली, तुमची जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी जमवून ठेवा

- एक तयार कन्सेप्ट टेस्ट, म्हणजे आकडेमोड न करता समज तपासणारी प्रश्नावली (कोणती ते पायरी २ मध्ये)
- वेगळी उत्तरपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका परत घेता येते आणि पुढच्या वर्षी तीच वापरता येते
- प्रत्येक मुलाला एक कोड, सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच
- एक्सेल किंवा कुठलीही स्प्रेडशीट
- चार-पाच रंगांची कार्डं, प्रत्येक मुलाला एक संच (क्लिकर किंवा मोबाईलवर मत घ्यायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर कार्डांनी काही अडत नाही)
- आवाज रेकॉर्ड करायला फोन, तोही मुलाची परवानगी घेऊनच
- एक वही, ज्यात मुलांची चुकीची वाक्यं जशीच्या तशी लिहायची

शेवटची वही बऱ्याच जणांना फालतू वाटते, पण सगळ्यात जास्त उपयोग मला तिचाच झालाय.

१. 'कळलं' म्हणजे काय ते आधी लिहून काढा

'न्यूटनचा तिसरा नियम समजला पाहिजे' असं लिहून हाती काही लागत नाही, कारण नियम तर मूल धडाधड म्हणून दाखवतं. त्याऐवजी असं लिहा: दोन वस्तू आदळल्या, एक जड एक हलकी, एक पळणारी एक थांबलेली, तरी दोघींवरचा फोर्स सारखाच हे मूल स्वतःहून सांगतं, आणि मग हलकी वस्तूच जास्त का उडाली हे त्वरणावरून समजावून देतं. आता हे तपासता येतं. एका धड्याला अशी चार-पाच वाक्यं पुरतात, वीस लिहायला बसलात तर एकही तपासून होत नाही.

लिहिताना भाषेकडे नीट बघा. आपल्या बोलण्यात 'जोर' हा एकच शब्द फोर्सलाही चालतो, मोमेंटमलाही आणि एनर्जीलाही. 'चेंडूत जोर होता' म्हणताना मुलाच्या डोक्यात नक्की काय आहे? 'वेग' आपण रोज नुसत्या स्पीडला म्हणतो, पुस्तकात मात्र चाल वेगळी आणि वेग वेगळा, वेगाला दिशा असते. 'शक्ती' पुस्तकात पॉवर, घरात ताकद. 'वजन' किलोत सांगतो आणि परीक्षेत न्यूटनमध्ये मागतो. मुलाने 'नाण्यात अजून जोर आहे' असं लिहिलं तर ते लगेच चूक धरू नका, आधी विचारा जोर म्हणजे काय म्हणायचंय. कधीकधी त्याला मोमेंटम म्हणायचं असतं, मग त्याचं बरोबरच आहे, फक्त शब्द हातात नाहीये.

२. पहिल्या वर्षी स्वतः टेस्ट बनवू नका, तयार घ्या

मी बनवली होती. वीस प्रश्न, मला फार छान वाटलेले. नंतर मुलांशी बोलल्यावर कळलं की सहा प्रश्नांचं वाक्यच त्यांना वेगळं कळलं होतं, म्हणजे मी फिजिक्स तपासत नव्हते, माझी वाक्यरचना तपासत होते. तयार टेस्ट अशा घासूनपुसून घेतलेल्या असतात, मुलांच्या मुलाखती घेऊन, चुकीचे पर्याय त्यांच्याच उत्तरांवरून बनवून.

मेकॅनिक्ससाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी, सगळे एफसीआय म्हणतात. हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये आणली, १९९५ मध्ये सुधारली, ३० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, आकडेमोड शून्य. अर्ध्या तासात होते. त्यातलं प्रत्येक चुकीचं उत्तर हे कुठल्यातरी खऱ्या मुलाच्या खऱ्या समजुतीवरून आलेलं आहे, त्यामुळे वरवर सोपी दिसते पण वर्गाचा निकाल बघून शिक्षक गप्प होतात.

मोशनच्या ग्राफवर जास्त भर हवा असेल तर थॉर्नटन आणि सोकोलॉफ यांची एफएमसीई (१९९८), फक्त ग्राफ वाचता येतात का बघायचं असेल तर बाइकनर यांची टग-के (१९९४). इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमला सीएसईएम (२००१, ३२ प्रश्न) किंवा बीमा (२००६). बल्ब-बॅटरीच्या साध्या सर्किटला डायरेक्ट (२००४, २९ प्रश्न). बहुतेक टेस्ट फिजपोर्ट नावाच्या साइटवर मिळतात, तिथे शिक्षक असल्याची खात्री करून घेतात मगच पेपर देतात. त्याला वेळ लागू शकतो, म्हणून सत्र सुरू व्हायच्या बऱ्याच आधी अर्ज करून ठेवा.

इथे एक कळकळीची विनंती. हे पेपर ग्रुपवर टाकू नका, मुलांना घरी नेऊ देऊ नका, फोटो काढू देऊ नका, टेस्ट झाल्यावर वर्गात उत्तरं सांगू नका. उत्तरं बाहेर फिरायला लागली की ती टेस्ट जगातल्या सगळ्याच शिक्षकांसाठी निकामी होते. म्हणूनच मी या लेखात एफसीआयचा एकही प्रश्न देत नाहीये, नाण्याचा प्रश्न जुना आहे आणि सगळीकडे छापलेला आहे म्हणून तेवढा उघड लिहिला. पेपरवर टेस्टचं खरं नावही छापू नका, 'मेकॅनिक्स प्रश्नावली' पुरे, नाहीतर मूल बाहेर पडल्या पडल्या शोधायला बसतं.

भाषांतर करून वापरणार असाल तर भाषांतर झाल्यावर तीन-चार मुलांना मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. हे टाळलंत तर माझ्या त्या सहा प्रश्नांसारखं होईल.

३. प्री-टेस्ट: पहिल्याच आठवड्यात, शिकवायच्या आधी

एकदा तिसऱ्या आठवड्यात घेतली होती मी, तोवर अर्धं कायनेमॅटिक्स झालं होतं, मग सुरुवातीचा म्हणून धरलेला आकडा कसला सुरुवातीचा. पहिल्या आठवड्यातच घ्या.

मार्क फक्त टेस्ट दिल्याबद्दल द्या, बरोबर उत्तरांबद्दल नाही. बरोबर उत्तरांना मार्क ठेवलेत की मुलं शेजारी बघतात, आणि काहीच मार्क नाही ठेवलेत तर काही जण पहिल्या पाच मिनिटांत सगळीकडे एकच पर्याय भरून उठतात. मुलांना स्पष्ट सांगा: 'तुम्हाला आत्ता काय वाटतं ते मला बघायचंय, चुकलं तर काही बिघडत नाही, पण मनापासून वाटतं तेच लिहा.' हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी अशी टेस्ट दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं देऊ की मला स्वतःला वाटतं तसं. माझ्याही वर्गात जवळजवळ हाच प्रश्न आला. कोणी असं विचारलं तर वहीत लिहून ठेवा, दोन वेगळी उत्तरं डोक्यात शेजारी शेजारी राहतायत हे त्या मुलाने तुम्हाला स्वतःहून सांगितलंय.

सूचना, वेळ, बसायची पद्धत जशी ठेवाल तशीच शेवटी पोस्ट-टेस्टला ठेवायची आहे, म्हणून आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा. चार महिन्यांनी आठवत नाही.

४. बरोबर किती हे सोडा, चुकले कुठे ते वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण सरासरी काढतात, 'अरेरे ३२ टक्के' म्हणतात आणि फाइल बंद करतात.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक प्रश्नासमोर पाच पर्याय मांडा आणि प्रत्येक पर्याय किती टक्के मुलांनी घेतला ते लिहा. आता आडव्या ओळी वाचा. समजा दोन प्रश्न आहेत, दोन्हींत बरोबर उत्तर २० टक्क्यांनाच आलं. पहिल्यात बाकीची मुलं चारही चुकीच्या पर्यायांत साधारण सारखी विखुरलीत. पाच पर्यायांत नुसता अंदाज मारला तरी २० टक्के बरोबर येतातच, म्हणजे या मुलांकडे या विषयावर काही ठाम मतच नाहीये, त्यांना शिकवावं लागेल. दुसऱ्यात ६५ टक्के मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर बसलीत. तिथे मत आहे, पक्कं आहे आणि बहुधा रोजच्या अनुभवातून आलेलं आहे: ढकलत राहिलं तरच वस्तू चालते, जड वस्तू जास्त जोरात मारते, थांबली म्हणजे फोर्स नाही. अशा ठिकाणी नियम पुन्हा एकदा सांगून काही होत नाही कारण मूल तुमचा नियम ऐकतं, वहीत लिहितं आणि आपलं मत जसंच्या तसं ठेवतं. तिथे आधी अंदाज लिहून घ्यायचा, शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा, मग समोर प्रयोग करून दाखवायचा आणि अंदाज का चुकला ते त्यांच्याकडूनच काढून घ्यायचं. सोकोलॉफ आणि थॉर्नटन यांनी डेमोसाठी हाच क्रम बसवलाय. नुसता डेमो दाखवला तर मुलं टाळ्या वाजवतात आणि नंतर विचारलं की आपल्याला जे वाटत होतं तेच दिसलं असं सांगतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

सापळा: एकदोन प्रश्नांवरून 'याला तिसरा नियम येतो, याला येत नाही' असं ठरवू नका. एफसीआयमधले प्रश्न वेगवेगळ्या कन्सेप्टच्या कप्प्यांत नीट बसतात का यावर हफमन आणि हेलर यांनी १९९५ मध्येच शंका काढली होती. काही प्रश्न मुलामुलींना सारखा न्याय देत नाहीत असंही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. वर्गाचा कल बघायला टेस्ट छान आहे, एका मुलाचं भवितव्य ठरवायला नाही, तिच्यावरून हुशार-कच्चे असे गट तर मुळीच पाडू नका.

५. सत्र चालू असताना रोज एक-दोन प्रश्न

सत्राच्या शेवटी कळून काय करणार, मधेच कळायला हवं. पंधरा-वीस मिनिटं शिकवून झाली की एक पर्यायी प्रश्न टाका, आकडे नसलेला. मुलं आधी एकटी, न बोलता विचार करतील, एक-दोन मिनिटं. मग तुम्ही तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम कार्ड वर करायचं, छातीजवळ धरून, म्हणजे मागच्याला पुढच्याचं दिसत नाही. एकेकाने वर करू दिलंत तर सगळा वर्ग पहिल्या बाकाकडे बघून कार्ड निवडतो.

आता डोळ्यांनी अंदाज घ्या. साधारण ३० टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर चर्चेला सोडू नका, कारण समजावून सांगणारंच कोणी नाही, परत शिकवा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा. मधे असतील तर शेजाऱ्याला पटवायला सांगा, दोन-तीन मिनिटं, आणि परत मत घ्या. मझूर यांची पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात ती हीच. पहिल्या मतानंतर बरोबर उत्तर चेहऱ्यावरूनसुद्धा कळू देऊ नका, मला हे जमायला बराच काळ लागला, बरोबर उत्तराच्या कार्डांकडे बघून मी नकळत हसायचे आणि मुलं ते टिपायची.

चर्चा चालू असताना वर्गात फिरा आणि वहीत वाक्यं टिपा. कान मात्र चुकीच्या बाजूच्या युक्तिवादांकडे ठेवा.

६. स्वतःचे प्रश्न बनवायचे तर असे

वही भरली की मग बनवा. आधी प्रश्न पर्यायांशिवाय विचारा, दोन ओळींत कारण लिहून मागा. पाच-सहा प्रकारची उत्तरं येतात, त्यातली जी जास्त वेळा येतात ती मुलांच्याच शब्दांत पर्याय म्हणून घाला. तुमच्या मनाने बनवलेला चुकीचा पर्याय बहुतेक वेळा कोणी घेतच नाही.

क्रम लावा प्रकारचे प्रश्न फार कामाचे. उदाहरणार्थ, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये लिलियन मॅकडर्मट यांच्या गटाने गाजवलेला पाच बल्बचा प्रश्न. सगळे बल्ब सारखे, तीन सारख्या आदर्श बॅटऱ्या. एका बॅटरीला एकटा बल्ब अ, दुसरीला ब आणि क सिरीजमध्ये, तिसरीला ड आणि इ पॅरललमध्ये. उजेडाचा क्रम लावा. उत्तर: अ, ड, इ सारखे, ब आणि क एकमेकांसारखे पण त्यांच्याहून मंद. कॅल्क्युलसवाल्या कोर्सच्या साध्या वर्गात हे जेमतेम १५ टक्के मुलांना बरोबर आल्याचं त्यांनी १९९२ मध्ये लिहिलं, शिकवून झाल्यावरसुद्धा! कोणी म्हणतं क हा ब पेक्षा मंद कारण ब ने करंट 'वापरला', कोणी म्हणतं ड आणि इ मंद कारण बॅटरीचा करंट वाटला गेला. कुठलं मूल कुठल्या कल्पनेवर चालतंय ते क्रमावरूनच कळतं, आणि हेच मूल किरचॉफची तीन समीकरणं मांडून करंट दोन दशांशांपर्यंत काढून देतं.

दुसरी सोय म्हणजे दोन मजली प्रश्न, आधी उत्तर, खाली कारण, दोन्ही बरोबर तरच बरोबर. उत्तर बरोबर आणि कारण भलतंच अशी मुलं किती निघतात ते पहिल्यांदा बघताना धक्का बसतो.

आणि प्रत्येक प्रश्नापुढे खात्री विचारा, ० म्हणजे निव्वळ अंदाज, ५ म्हणजे शंभर टक्के खात्री. हसन, बगायोको आणि केली यांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली. चुकीचं उत्तर आणि खात्री कमी, तर माहितीच नाही. चुकीचं उत्तर आणि खात्री ४-५, तर चुकीची कल्पना घट्ट बसलीय. बरोबर उत्तर पण खात्री १, तर लागलेला नेम, ते बरोबरमध्ये मोजून खूश होऊ नका.

७. चार-पाच मुलांशी बसून बोला

वर्ग कितीही मोठा असो, चार-पाच मुलं पुरतात, प्रत्येकी वीस मिनिटं. सगळे हुशार नकोत, मधल्या मार्कांची दोन-तीन घ्याच. मार्कांशी संबंध नाही हे आधी सांगा. काम एकच, मुलाने प्रश्न वाचून मोठ्याने विचार करायचा आणि तुम्ही शिकवायचं नाही. हे शेवटचं फार जड जातं.

माझ्या वहीतला एक तुकडा, लक्षात राहिलेला:

'मॅडम, पुस्तक टेबलावर एकाच वेगाने सरकतंय ना, म्हणजे ढकलणारा फोर्स घर्षणापेक्षा थोडा जास्त.'
'थोडा जास्त का वाटतो तुला?'
'नाहीतर थांबेल ना ते.'
'बरं. आणि दोन्ही सारखे असते तर?'
'तर... हललंच नसतं.' (बराच वेळ गप्प) 'पण नेट फोर्स शून्य म्हणजे वेग बदलत नाही असं तुम्ही सांगितलंय.'
'मग?'
'मग तो नियम अवकाशात ना, जिथे घर्षण नाही.'

पहिला नियम या मुलाला तोंडपाठ होता. त्याने तो अवकाशात ठेवून दिला होता आणि टेबलावरचा कारभार वेगळ्या नियमांनी चालवत होता. पेपरमधून हे मला कधीच कळलं नसतं. त्यानंतर पहिला नियम शिकवताना मी अवकाशयानाचं उदाहरण शेवटी देते, सुरुवात टेबलावरच्या पुस्तकापासून करते.

विचारायचे प्रश्न मोजकेच ठेवा: 'असं का वाटतं?', 'चित्र काढून दाखवतोस का?', 'हे बदललं तर काय होईल?' 'नक्की का?' हा शब्द टाळा, मूल लगेच उत्तर बदलतं, त्याला वाटतं चुकलं. आणि मूल निघताना मात्र त्याला बरोबर काय ते समजावून द्या, गोंधळात सोडून पाठवू नका.

८. पोस्ट-टेस्ट आणि गेन

सत्र संपताना तीच टेस्ट, त्याच सूचना. फक्त शेवटच्या तासाला ठेवू नका, कारण शेवटच्या तासाला जी मुलं येतात ती सगळा वर्ग नसतो.

हिशोबात फक्त तीच मुलं धरा ज्यांनी दोन्ही टेस्ट दिल्या, कोड त्यासाठीच होता. मधेच कोर्स सोडलेली मुलं प्री मध्ये राहिली आणि पोस्ट मध्ये नाहीत तर सरासरी आपोआप फुगते आणि आपल्याला वाटतं आपण शिकवलं.

नुसती वाढ बघणं पुरत नाही, कारण ८० वर असलेल्या वर्गाला वाढायला २० च उरलेत. म्हणून नॉर्मलाइज्ड गेन काढतात: प्रत्यक्ष वाढ भागिले वाढायला असलेली जागा. प्री सरासरी ४०, पोस्ट ५८, वाढ १८, जागा ६०, गेन ०.३. झालं एवढंच.

हा आकडा रिचर्ड हेक यांच्या १९९८ च्या पेपरमुळे रूढ झाला. त्यात ६२ कोर्सेसमधल्या ६५४२ विद्यार्थ्यांचा डेटा होता. नुसतं लेक्चर असलेल्या १४ कोर्सेसची सरासरी ०.२३ आली, आणि मुलांना वर्गात विचार करायला, बोलायला लावणाऱ्या ४८ कोर्सेसची ०.४८. हेक ०.३ च्या खाली कमी, ०.३ ते ०.७ मध्यम, ०.७ आणि वर जास्त म्हणतात. हा डेटा शिक्षकांनी आपणहून दिलेला होता हेही ध्यानात ठेवा, ज्यांचे आकडे वाईट आले त्यातल्या काहींनी ते पाठवलेच नसतील, म्हणून तुमचा पहिल्या वर्षीचा ०.२ आला तर खचू नका. माझा तसाच होता.

एफसीआयचा स्कोअर वाचताना अजून एक खूण: टेस्ट बनवणाऱ्यांच्या मते साधारण ६० टक्क्यांच्या आसपास मूल न्यूटनच्या पद्धतीने विचार करायला लागतं, ८५ च्या वर पक्कं झालं म्हणता येतं. वर्गाची सरासरी ६० च्या बरीच खाली असताना पुढचे धडे, टॉर्क वगैरे, धावत घेण्यात अर्थ नाही.

लहान वर्गात, वीस-पंचवीस मुलांच्या, एका वर्षाच्या गेनवरून काही मोठं ठरवू नका, दोन-चार मुलांनी घाईत भरलं तरी आकडा हलतो. आणि दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गाशी तुलना करून कुणाला कमी दाखवायला तर हा आकडा अजिबात वापरू नका. एकदा असं झालं की पुढच्या वर्षी सगळे टेस्टच्या प्रश्नांची तयारी करून घेतात आणि मग टेस्ट संपली.

९. परीक्षेत जागा द्या

वर्गात रोज 'का?' विचारलं आणि फायनल पेपर सगळा आकडेमोडीचा काढला तर मुलं बरोबर ओळखतात की 'का?' ला किंमत नाही. निदान एक चतुर्थांश मार्क कारण लिहिण्याच्या, क्रम लावण्याच्या, ग्राफ काढण्याच्या प्रश्नांना ठेवा. तयार टेस्टमधले प्रश्न परीक्षेत घालू नका, स्वतःचे घाला, वहीतून.

पेपर सेट करणं तुमच्या हातात नसेल तर अंतर्गत मूल्यमापनात, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत करा. तोंडी परीक्षा तर यासाठी सोन्यासारखी आहे, तिथे व्याख्या विचारण्यात वेळ घालवू नका. 'हा बल्ब काढला तर बाकीच्यांचं काय होईल, आधी सांग, मग काढून बघ' एवढा एक प्रश्न दहा व्याख्यांहून जास्त सांगतो.

तपासताना कारणाला दोन मार्क असतील तर कशाला एक, कशाला दोन हे आधी लिहा आणि आठ-दहा पेपर दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. तुमचे आणि त्यांचे मार्क फार वेगळे आले तर निकष परत लिहा.

१०. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाचा कागद भरा

पोस्ट-टेस्ट झाल्या झाल्या, आकडे ताजे असताना, पायरी ४ चाच तक्ता पोस्टसाठी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. जे प्रश्न हललेच नाहीत तेवढेच लिहा, तीन-चार असतात. मुलांनाही त्यांची प्री आणि पोस्ट, आकडा तेवढाच, उत्तरं न सांगता, कळवा, ज्यांचं वाढलं त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

माझ्याकडे गेल्या वेळी टकरीचे प्रश्न चांगले वर आले, टेबलावरच्या पुस्तकाचा ठीकठाक, आणि नाण्याच्या जातीचे प्रश्न जवळजवळ जागच्या जागी राहिले, 'हाताचा फोर्स' काही जाईना. म्हणून या वेळी नाणं दुसऱ्याच आठवड्यात आणलंय, आणि प्रत्येक मुलाकडून वर जाताना, टोकाला आणि खाली येताना अशी तीन चित्रं बाणांसकट काढून घेतलीयत, ती तारीख घालून जपून ठेवलीत. सत्र संपताना तीच तीन चित्रं परत काढायला लावणार आहे.